आवाज श्वास घेताना येतो की सोडताना?

आमचं पिल्लू 28 व्या आठवड्यात झालं, वजन 1050 ग्रॅम. लगेच श्वासनलिकेत नळी घालून फुफ्फुसात सर्फॅक्टंट (फुफ्फुसं मिटू नयेत म्हणून देतात ते औषध) सोडलं, 9 दिवस व्हेंटिलेटर, मग सीपॅप (नाकावाटे दाबाने हवा देणारं मशीन), मग नाकात ऑक्सिजनची बारीक नळी, आणि दोन महिन्यांनी घरी आलो तेव्हा वाटलं की सुटलो एकदाचे. पण पाचव्या महिन्यात दूध पिताना कर्र असा आवाज यायला लागला, रडला की घसा बसल्यासारखं रडायचा. जिथे जाऊ तिथे एकच उत्तर, प्रीमॅच्युअर आहे ना, फुफ्फुसं कच्ची आहेत, नेब्युलायझर द्या. दीड महिना दिला हो, दिवसातून चार वेळा. काडीचा फरक नाही, छातीचा एक्सरे पण ठीकठाक.

सासूबाई रोज मांडीवर घेऊन तेल लावायच्या, त्याच म्हणाल्या, अगं बघ, श्वास आत घेताना याच्या गळ्याखालची खळी किती खोल जाते. खरंच जात होती, आणि आवाजही आत घेतानाच येत होता. मी अंगावरचं झबलं काढून एक मिनिटाचा व्हिडिओ काढला आणि लहान मुलांच्या छातीच्या डॉक्टरांना दाखवला, त्यांनी दोनदा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, व्हेंटिलेटरवर किती दिवस होता? सोडताना शिट्टी वाजली तर बहुतेक वेळा त्रास छातीत असतो, घेताना आवाज आला तर वर, घशाच्या बाजूला, हे मला तेव्हा कळलं. दुर्बीण घातली तर स्वरयंत्राच्या जरा खाली पाण्याच्या दोन गाठी, वाट निम्मी अडलेली! व्हेंटिलेटरची नळी आतल्या नाजूक त्वचेला घासते, तिथल्या ग्रंथींची तोंडं बंद होतात आणि काही महिन्यांत अशा गाठी धरतात. छातीच्या एक्सरेत त्या कुठून दिसणार.

नळीवर माझा राग नाही. 1963 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचं बाळ साडेचौतीस आठवड्यांचं असूनही 39 तासांत गेलं, कारण तेव्हा सर्फॅक्टंट, सीपॅप असलं काही हाताशी नव्हतं. राग आहे तो त्या दीड महिन्याचा, कुणी झबलं वर करून खळी बघितली नाही त्याचा.

तुमच्या बाळाचं असं काही असेल तर व्हिडिओ काढा, उघड्या छातीचा, आवाजासकट, आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या, नळी किती दिवस होती ते त्यावर असतं. ओठ निळे पडले, दूध पिणं थांबलं तर मात्र व्हिडिओबिडिओ काही नाही, थेट इमर्जन्सी.

गाठी दुर्बिणीतूनच काढल्या. परत होऊ शकतात म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा बघणार आहेत. आता रात्री काही आवाजच येत नाही, तर सासूबाई उठून त्याच्या पोटावर हात ठेवून बघतात.