पाना कुठं धरायचा

आठवीला मी टेक्निकल घेतलं ते निव्वळ संस्कृतच्या धाकाने. वर्कशॉपमध्ये पाण्याच्या पंपाचं एक जुनं रॉकेल इंजिन होतं. ते खोलायचं आणि परत जोडायचं. आमच्याआधी किती तुकड्यांनी ते खोललं होतं देव जाणे.

नववीत एकदा त्याच्या बाजूच्या झाकणाचा बोल्ट माझ्याकडे आला. ६ मिलिमीटरचा बोल्ट, १० चा पाना. पाना आखूड म्हणून मी त्यात दुसरा अडकवून दुप्पट लांब केला. ‘अजून थोडा, अजून थोडा’ करता करता हाताला एकदम हलकं लागलं. बोल्ट बाहेर काढला तर अ‍ॅल्युमिनिअमचे आटे स्प्रिंगसारखे त्याला गुंडाळून आलेले.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "पाना आखूड का केलाय रे? कंपनीकडे लोखंड कमी पडलं होतं?" बोल्ट बारीक तर पाना आखूड, म्हणजे हाताचा जोर आपोआप बेतात राहतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळतोय ते मोजणारा पाना, शाळेकडे नव्हता. पुढच्या तासाला सर रद्दीवाल्याकडे असतो तसला हूकवाला ताणकाटा घेऊन आले. बोल्टच्या मध्यापासून १० सेंटिमीटरवर पान्याला खडूची खूण केली, तिथं हूक अडकवला आणि काटकोनात ओढायला लावलं. काट्यावर १० किलो दिसले की थांबायचं. म्हणजे १ किलोग्रॅम-मीटर. ६ च्या बोल्टला तेवढं पुरे. ८ च्या बोल्टला काटा तोच, हूक मात्र २० सेंटिमीटरवर. विज्ञानाच्या तासाला नुसतं पाठ केलेलं ‘आघूर्ण म्हणजे बल गुणिले अंतर’ तेव्हा मनगटात जाणवलं.

मग खरी गंमत. काटा बाजूला, डोळे मिटायचे आणि अंदाजाने आवळायचं. सर त्याच दिशेला काटा लावून हळूहळू ओढत आणि बोल्ट हलायला लागला की आकडा मोठ्याने वाचत. माझा पहिला आकडा १७. वर्ग हसला. दिवाळीपर्यंत मी ९ ते ११ मध्ये आलो. युक्ती धरण्यात होती: ६ च्या बोल्टला पाना बोल्टच्या डोक्याजवळ तीन बोटांत धरायचा आणि फक्त मनगट वळवायचं, ८ च्या बोल्टला मूठ शेवटाकडे न्यायची. खांदा लावायचा नाहीच.

आट्यांना तेल लावलेलं सरांना चालत नसे. लावलेल्या जोरातला बहुतेक भाग घर्षणच खातं, जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. तेलाने घर्षण घटलं की हाताला तेवढंच लागतं, पण बोल्ट भलताच ताणला जातो. स्पार्क प्लगची तऱ्हा आणखी वेगळी. तो आधी बोटांनीच बुडापर्यंत फिरवायचा. नवा असेल तर वॉशर चेपेपर्यंत पान्याने अर्धा फेरा. जुना असेल तर वॉशर चेपलेलंच असतं, पाव फेऱ्याच्याही आत थांबायचं. हेडचे, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाचे, बोल्ट समोरासमोरचे घेत तीन टप्प्यांत थोडेथोडे आवळायचे.

आज माझं इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे आणि भिंतीवर दोन टॉर्क रेंच आहेत. कनेक्टिंग रॉडचे, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचे, बोल्ट मी अंदाजाने कधीच आवळत नाही. कितीही हात बसलेला असो, तिथं रेंचच. पण कामाला नवा पोरगा आला की त्याच्या हातात आधी ताणकाटा देतो. पोरं हसतात.

माझ्या पराक्रमाचं भोक सरांनी माझ्याकडूनच ६.८ च्या ड्रिलने मोठं करून घेतलं आणि ८ चा टॅप फिरवून नवे आटे पाडायला लावले. शाळेच्या महोत्सवासाठी ते इंजिन आता रंगवून व्हरांड्यात ठेवलंय. परवा त्याच्या बैठकीला शाळेत आलो तेव्हा वाकून पाहिलं. झाकणाचे बाकीचे सगळे बोल्ट १० च्या पान्याचे आहेत, एकच १३ चा.