तुम्ही विचारलंत म्हणून: हा दगड कुणी घासला?

घरी येणारा माणूस खिडकीतला दगड उचलतो, उजेडात धरतो आणि विचारतो, "सर, हे कुणी घासलं हो?" जालन्यात दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. एकदाचं लिहूनच टाकतो.

कुणीही घासलेलं नाही. आमच्या भावकीत एकाच्या विहिरीचं काम चालू होतं. काळा पाषाण लागला, सुरुंग उडवले आणि यारीनं वर काढलेल्या ढिगात हा सापडला. मराठवाड्याखालचा हा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढं खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्यानं त्यांत खनिजं आणून सोडली. मोकळी जागा मिळाली की स्फटिक आपल्या अंगच्या आकारात वाढतो. ह्याचं नाव अपोफिलाइट. लिंबाएवढा, नितळ, सहा बाजूंचा, फक्त कोपरे तासल्यासारखे.

आता कबुली. मी गणिताचा मास्तर. हा दगड वर्गात नेऊन "बघा, निसर्गानं केलेला घन" असं कित्येक वर्षं बिनदिक्कत सांगत होतो. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी तो बराच वेळ उलटासुलटा करत बसली आणि म्हणाली, "सर, ही बाजू अलगच चमकती."

खिडकीशी नेऊन पाहिलं. समोरासमोरच्या दोन बाजूंना मोत्यासारखी झाक. उरलेल्या चार काचेसारख्या, त्यांच्यावर बारीक उभ्या रेघा. म्हणजे ह्या दगडाला वर-खाली आहे. घनाला ते नसतं.

सममिती म्हटलं की आपण फुलपाखराचे पंख काढतो आणि डावं-उजवं सांगून मोकळे होतो. मला दुसरी कसोटी आवडते. तुम्ही डोळे मिटा, मी वस्तू फिरवून पुन्हा तशीच ठेवतो. डोळे उघडल्यावर फिरवलेलं ओळखू आलं नाही तर ती सममिती. बिनठिपक्यांचा फासा घ्या. समोरासमोरच्या बाजूंमधून सळई घातली तर अशा 3 सळया, प्रत्येकीवर 3 वळणं, झाली 9. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून 4 सळया, प्रत्येकीवर 2, म्हणजे 8. समोरासमोरच्या कडांच्या मध्यांतून 6 सळया, एकेक वळण. आणि मुळीच न हलवणं, तेही 1 धरायचं. एकूण 24. माझ्या दगडाची फक्त 8 भरतात. कोपऱ्यातल्या सळईवर फिरवला की मोत्याची बाजू कडेला येते आणि चोरी पकडली जाते.

असं का, हे मला दगड हातातून पडला तेव्हा पटलं. फरशीवर आपटला आणि वरची एक पातळ चकती निघाली, अगदी गुळगुळीत. आत सिलिकेटचे, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे, थर भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक आहेत, मधे कॅल्शियम, पोटॅशियम आणि पाणी. चवडीतली भाकरी वरून अलगद निघते, आडवी मोडायला जोर लागतो. बाहेरची झाक आतल्या ह्या रचनेचीच.

नेमका आकार मात्र कुठल्याच दोन दगडांचा जुळत नाही. एखादा बसका, एखादा उभट. जुळतात ते कोन. निकोलस स्टेनो ह्या डॅनिश माणसानं 1669 मध्ये क्वार्ट्झबद्दल, म्हणजे आपल्या गारगोटीबद्दल, हे लिहून ठेवलं: बाजू लहानमोठ्या असल्या तरी त्यांच्यामधले कोन तेच. सहा उभ्या बाजूंची चांगली गारगोटी मिळाली तर कंपासमधला कोनमापक लावून बघा. कितीही वेडीवाकडी वाढलेली असो, शेजारच्या दोन उभ्या बाजूंत 120 अंशच भरतील.

एवढं ऐकून घेतल्यावर पाहुण्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला, "कितीला जाईल हो?" चकती निघाल्यापासून भाव पडलाय.