तुम्ही विचारलंत म्हणून: कॅटकॉन काढू का?

‘कॅटकॉन काढून सरळ पाइप टाकला तर ॲव्हरेज वाढेल ना?’ बीड असो की नांदेड, बाहेरून आलेली जुनी पेट्रोल गाडी दारात लागली की आठवड्यात हा प्रश्न येतोच. नाही वाढत. कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या आधी बसणारा, धूर शुद्ध करणारा डबा. धड कॅटकॉन गाडीला अडवत नाही. काढला, की मागच्या ऑक्सिजन सेन्सरला न शुद्ध झालेला धूर दिसतो, कॅटकॉन नीट काम करत नाही असं सांगणारा पी 0420 कोड येतो, चेक इंजिनचा दिवा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असा बदल करू देत नाही; 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, कैदही होऊ शकते. एवढं सांगितलं तरी, ‘पण पिकअप?’

पूर्वी मी सरसकट नाही म्हणायचो. आता म्हणतो, आधी मोजा. कॅटकॉनच्या आधीचा, पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथं प्रेशर गेज लावा. 2500 आरपीएमला काटा 3 पीएसआयच्या वर गेला तर वाट चोंदलीय. सायलेन्सर मोकळा असेल तर कॅटकॉन काढाच, पण नवा बसवायला. आणि तो चोंदला कशानं, ते शोधा. प्लग किंवा कॉइल मिसफायर करत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जळतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते. ते तसंच ठेवलं तर नवाही जाईल.

खरी कसोटी स्टडची, म्हणजे कॅटकॉनचे नट ज्यांवर बसतात त्या आट्यांच्या दांड्यांची. गाडी मुंबईची असेल तर खाऱ्या हवेनं ते गंजलेलेच समजा. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा. सेन्सर कोमट इंजिनवर 22 च्या खाचेच्या सॉकेटनं सोडवा. नट अडला तर लांब पाइप घालून लटकू नका. जरा घट्ट, जरा सैल, पुन्हा स्प्रे. तरी हलेना तर नट तापवा, आधी वायरी आणि पेट्रोलची लाइन बाजूला घेऊन. कॅटकॉन मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या पाइपांमध्येच असेल तर स्टड थेट इंजिनच्या वरच्या भागात, ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये असतात. तिथं एक तुटला, की ड्रिलचं बिट कडक स्टडवरून घसरून मऊ हेडमध्ये शिरतं. म्हणून नेमक्या मध्यावर पंच, मग बारीक, उलटं फिरणारं बिट. कधी कधी त्याच्याबरोबर स्टडच बाहेर येतो. घाई केली तर हेड उतरवावं लागतं.

बसवताना गॅस्केट नवं, नट नवे.

ओरिजिनल पार्ट परवडत नाही, हे तुमचं खरं. स्वस्तातल्या कॅटकॉनमध्ये लेप पातळ, तोच कोड परत येतो, हे माझं खरं. यावर आपलं जमत नाही, जमणारही नाही. जुना कॅटकॉन मात्र गॅरेजवर सोडून येऊ नका. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि भंगारवाल्याला ते पक्कं ठाऊक असतं.