कंबरेची दुखापत, २० टक्के आणि अपील : माझा अनुभव

कारखान्यात वजनाची खोकी उचलताना कंबर गेली तेव्हा माझं वय ४० होतं, पगार २४,०००. पगार २१,००० च्या वर म्हणून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नव्हतं. दावा लावला तो कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ खाली. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. माझा अपघात त्याआधीचा, म्हणून खालची कलमं आणि आकडे जुन्या कायद्याचे.) अपघातापासून दोन वर्षांत दावा लावावा लागतो.

हिशेबात पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले वय ४० चा गुणांक १८४.१७, म्हणजे १६,५७,५३० रुपये. ही कायमच्या संपूर्ण अपंगत्वाची रक्कम. अंशतः असेल तर कमाईची क्षमता जितके टक्के गेली, तितका वाटा. तुटलेल्या बोटाचे, हाताचे टक्के कायद्याच्या परिशिष्टात छापलेले आहेत. कंबरेचे नाहीत, ते डॉक्टरांनी ठरवायचे.

माझ्या दाखल्यावर होतं, ‘कण्याचं अपंगत्व २० टक्के’. भरपाईचा दावा ऐकणाऱ्या आयुक्तांनी तेच २० टक्के लावून ३,३१,५०६ दिले. खाली त्याच डॉक्टरांनी लिहिलं होतं : जड उचलू नये, वारंवार वाकू नये. हमालाच्या कामातून हे दोन काढले तर उरतं काय? सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली डावा हात कोपराच्या वर कापलेल्या सुताराला सुतारकामापुरता पूर्ण अपंग मानलं, ते याच तत्त्वावर.

अपील कलम ३० खाली, गोव्यात पर्वरीला उच्च न्यायालयात, ६० दिवसांत. आयुक्तांच्या निकालाची प्रमाणित प्रत निकालाच्याच दिवशी मागा. ‘टक्के कमी दिले’ एवढ्यावर अपील उभं राहत नाही, कारण तिथे फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न ऐकतात. मुद्दा असा मांडायचा : शारीरिक अपंगत्वाचे टक्के हेच कमाईच्या क्षमतेचे टक्के धरले, डॉक्टरांनी घातलेली बंधनं विचारात घेतली नाहीत. व्याजही तपासा, ते वर्षाला १२ टक्क्यांनी, अपघातापासून धरून हवं, निकालाच्या तारखेपासून नव्हे. औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे कितीतरी जणांना ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

केस बिघडते ती बहुतेक वेळा दवाखान्याच्या पहिल्या केस पेपरवर. आपण सांगतो ‘उसण भरली’, कागदावर येतं ‘कंबरदुखी’. कामाचा उल्लेखच नाही! मग एमआरआयमध्ये ‘झीज’ हा शब्द दिसला की मालकाच्या विमा कंपनीचा वकील म्हणतो, हे वयाचं दुखणं. म्हणून किती किलो, कुठून कुठे उचलत होतो, किती वाजता, हे सांगून लिहून घ्या, आणि अपघाताची लेखी सूचना मालकाला देऊन पोच ठेवा. वय झालं म्हणून आधीपासून झीज असेल, तरी कामामुळे ती बळावली असेल तर दावा टिकतो. ते डॉक्टरांच्या तोंडून यायला हवं.

त्यासाठी डॉक्टरांना आयुक्तांसमोरच साक्षीला बोलवा, अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत. दाखला नुसता जोडून भागत नाही. त्यांना विचारायचं : हा माणूस पूर्वी जे काम करायचा, ते आता किती करू शकेल?