पट्टी नसलेल्या सिगारची पारख

क्युबाची राजधानी हवाना येथील काही दुकानांत अनुभवी कारागीर गिऱ्हाइकासमोर बसून त्याला हव्या त्या लांबीचे आणि जाडीचे सिगार वळून देतात. अशा सिगारला कागदी पट्टी नसते, नक्षीदार पेटी नसते, कारखान्याचे नाव नसते. पंचवीस किंवा पन्नास नगांची जुडी फितीने बांधून हाती दिली जाते, आणि तिथून पुढे त्या जुडीची ओळख केवळ सांगण्यावर टिकून राहते. पेटीतल्या क्युबन सिगारचे तसे नसते. त्या पेटीवर १९१२ च्या कायद्याने आलेली हिरवी हमीची मोहर असते, तळाशी ‘हेचो एन कूबा’ (क्युबात बनवलेले) हे शब्द डागलेले असतात आणि १९८५ पासून कारखान्याचा सांकेतिक शिक्काही मारला जातो. मोहर आणि शिक्का यांची नक्कल करणारेही आहेत, पण तिथे तपासायला निदान काहीतरी असते. जुडीजवळ तपासायला तंबाखूशिवाय दुसरे काहीच नसते, आणि म्हणूनच मला जुडीची पारख अधिक मोलाची वाटते.

सोलापुरात असा माल येतो तो आखातात नोकरी करणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून किंवा जहाजावर काम करणाऱ्या मित्रांच्या पेटीतून. प्रवाशाला शुल्काशिवाय २५ सिगार आणण्याची मुभा असल्यामुळे बहुधा एकच जुडी येते, आणि तिच्यासोबत ‘हा खास हवानाचा माल’ हे वाक्य येते. आणणारा खोटे बोलत नसतो; त्याला विकणाऱ्याने जे सांगितले तेच तो सांगतो, आणि विकणाऱ्यालाही ते बहुधा कोणीतरी सांगितलेले असते. जमलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न ‘खरोखर हवानाचा आहे का?’ हाच असतो. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा, कारण त्याचे उत्तर मिळण्याची शक्यता सर्वांत कमी असते.

ती कमी का असते, हे इतिहासातून समजते. क्युबात १९५९ मध्ये क्रांती झाली, १९६० मध्ये सिगारचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले आणि १९६२ मध्ये अमेरिकेने क्युबाशी होणारा व्यापार बंद केला. या काळात तंबाखू पिकवणारी आणि सिगार वळणारी कितीतरी कुटुंबे देश सोडून डॉमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास, निकाराग्वा आणि फ्लोरिडा येथे गेली, आणि त्यांच्यासोबत बियाणे गेले, हाताची सवय गेली, पाने आंबवण्याच्या रीती गेल्या. क्युबातील पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता अबाहो भागाच्या मातीचे महत्त्व मी नाकारत नाही. तिथल्या पानाला स्वतःचा असा स्वभाव आहे. परंतु त्याच वाणाचे पान निकाराग्वातील एस्तेलीच्या मातीत वाढले, नीट आंबवले आणि काही वर्षे मुरू दिले, तर जिभेची खात्री डळमळते. आंबवण आणि वय या दोन गोष्टी पानाचा मूळ गुण इतका बदलतात की चवीवरून देशाचे नाव सांगणाऱ्याच्या आत्मविश्वासावर मी विसंबत नाही.

हाताविषयी मात्र पुष्कळ काही खात्रीने सांगता येते, आणि हे सोलापुरात राहणाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही. या शहराच्या पूर्व भागात पिढ्यान् पिढ्या विड्या वळल्या जात आहेत; वळणाऱ्या बहुतेक स्त्रिया, आणि त्यांतल्या बहुसंख्य तेलुगू भाषक पद्मशाली समाजातल्या. विडी घरकुल हे वस्तीचे नावच त्या कामावरून पडले आहे, आणि कुंभारीजवळची गोदूताई परुळेकर यांच्या नावाची वसाहत विडी कामगार स्त्रियांसाठीच उभी राहिली. कायद्यानेही विडी आणि सिगार यांना एकाच घरात आणले होते: २०२५ पर्यंत लागू असलेला १९६६ चा कामगार कायदा ‘विडी आणि सिगार कामगार’ अशा जोडनावाचाच होता. विडीत तेंदूच्या पानात निपाणी किंवा गुजरातकडच्या तंबाखूचा चुरा भरतात, तर सिगारमध्ये आतून बाहेरपर्यंत तंबाखूचेच पान असते आणि चांगल्या सिगारच्या भरणातली पाने टोकापासून टोकापर्यंत अखंड असतात. असे असले तरी अंगठ्याला आणि तर्जनीला पडणारा प्रश्न दोन्हीकडे एकच असतो: आत सगळीकडे सारखे भरले आहे का?

आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्कांनी उभे आयुष्य विड्या वळण्यात घालवले आहे आणि तंबाखूचा धूर त्यांनी कधीही घेतलेला नाही. मागच्या वर्षी माझ्याकडे आलेली एक जुडी मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एकेक सिगार दोन बोटांत धरून मुळापासून तोंडापर्यंत हलकेच दाबत नेला आणि बघता बघता काही नग बाजूला काढले. एका नगाच्या मध्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, ‘‘इथं पान दाबून बसलंय बघा. ह्यातनं वारं जायचं नाही.’’ दुसरा नग त्यांनी पोकळ म्हणून काढला. पुढे काही महिन्यांत मी ते नग ओढून पाहिले तेव्हा गाठ असलेल्या सिगारमधून धूर मोठ्या कष्टाने येत होता आणि पोकळ म्हटलेला सिगार भराभर जळून तोंड पोळत होता. विडीच्या कारखान्यात ज्याला ‘छाट’ म्हणतात, ती करण्याची नजर आणि बोट अक्कांजवळ आहे, आणि सिगार त्यांनी त्यापूर्वी हातातही घेतलेला नव्हता. त्या दिवसापासून पारखीचा पहिला भाग मी त्यांच्याच पद्धतीने करतो आणि त्यात कोणाच्या सांगण्याला जागा ठेवत नाही.

त्यानंतर मी एक नग धारदार पात्याने उभा चिरतो. एक चांगला सिगार वाया गेला म्हणून मित्र हळहळतात, पण अनोळखी जुडीच्या बाबतीत मला ही किंमत रास्त वाटते, कारण इतकी माहिती दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही. सिगारचे तीन थर असतात: आतले भरण, त्याला आवळून धरणारे बांधणीचे पान आणि सर्वांत वरचे देखणे वेष्टन. भरणातली पाने झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरून घेतात. खालची पाने, ज्यांना क्युबात ‘वोलादो’ म्हणतात, चांगली जळतात पण चवीला सौम्य असतात. मधली ‘सेको’ सुगंध देतात. आणि सर्वाधिक ऊन खाल्लेली वरची ‘लिहेरो’ पाने जाड, तेलकट, तिखट आणि सावकाश जळणारी असतात. जाणता कारागीर लिहेरो बरोबर मधोमध ठेवतो, म्हणजे आच मध्यावर टिकते आणि कडा समान जळतात. भरणाचे एकेक पान नळीसारखे वळून ती पाने शेजारी शेजारी ठेवणे हे वेळखाऊ पण उत्तम काम होय, कारण त्यातून धुराला वाटा राहतात. सगळी पाने एकावर एक ठेवून वहीसारखी दुमडली की काम लवकर होते, पण लिहेरो एका बाजूला जाऊन बसतो आणि सिगार तिरका जळतो. चिरलेल्या नगात यातले काय आहे ते उघड्या डोळ्यांनी दिसते. टोपीकडेही, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावरच्या आवरणाकडेही, मी नीट पाहतो: वेष्टनाच्याच पानातून तीन फेऱ्यांत बसवलेली टोपी ही क्युबन रीत आहे, आणि त्या फेऱ्यांच्या बारीक रेषा स्वच्छ असतील तर वळणारा शिकलेला आहे. तो हवानातच बसला होता, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही, कारण ती टोपी आता अनेक देशांत बसवली जाते.

चव घेण्याआधी सिगारला विसावा द्यावा लागतो, आणि सोलापुरात हा भाग सर्वांत अवघड आहे. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की उघड्यावर ठेवलेल्या सिगारचे वेष्टन लवकरच तडकते. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. मी घट्ट झाकणाच्या डब्यात आर्द्रता राखणाऱ्या पुड्या ठेवतो, आणि तो डबा घराच्या सर्वांत थंड कोपऱ्यात असतो. उष्णतेचा दुसरा धोका म्हणजे तंबाखूतला कीडा. त्याची अंडी पानात आधीपासूनच असू शकतात आणि उबदार दमट हवेत ती उबतात. मग वेष्टनावर टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसू लागतात आणि पूर्ण जुडी हातची जाते. म्हणून अनोळखी जुडी आली की मी ती हवाबंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवतो, नंतर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आणि मग बाहेर, म्हणजे एकदम तापमान बदलून वेष्टन फाटत नाही. प्रवासातून आलेला सिगार त्याच आठवड्यात ओढून त्याच्यावर मत देणे हा त्या कारागिरावर अन्याय आहे.

प्रत्यक्ष चाचणी मी सकाळी न्याहारीनंतर थोड्या वेळाने घेतो. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हे आमचे रोजचे अन्न असले, तरी तिच्यातला लसूण आणि तिखट तोंडात असताना सिगारविषयी काहीही बोलू नये. जवळ साधे पाणी असावे. कोणी एकाने जुड्या झाकून नगांना केवळ क्रमांक द्यावेत आणि कोणता नग कोठून आल्याचे सांगितले गेले आहे, हे चव घेणाऱ्यांना टिपणे लिहून होईपर्यंत कळू देऊ नये. पेटवण्याआधी एक कोरडा झुरका घ्यावा. त्यात ओढ किती आहे ते समजते आणि पानाचा स्वतःचा गोडवाही जाणवतो. मग टोक सावकाश शेकून पेटवावे आणि मिनिटाला एखाद्या झुरक्याहून अधिक घाई करू नये, कारण तापलेला सिगार कितीही चांगला असला तरी कडूच लागतो. राखेच्या पांढरेपणावर भाळणारे पुष्कळ आहेत. तो रंग मुख्यतः जमिनीतल्या खनिजांवर अवलंबून असतो आणि त्याला मी गुण देत नाही. राख किती घट्ट धरून राहते आणि जळण्याची कड किती सरळ आहे, हे मात्र टिपून ठेवतो.

चवीच्या नोंदी आपापल्या घरच्या शब्दांत कराव्यात, असा माझा आग्रह आहे. परदेशी मासिकांतले ‘सीडार’ आणि ‘लेदर’ आमच्या टिपणांत उतरवून कोणालाच काही कळत नाही. आमच्या वहीत भाजलेले शेंगदाणे, काकवी, सागाचा भुसा, पहिल्या पावसाची माती, कढईत किंचित करपलेले धने, जुनी घोंगडी असे शब्द आहेत, आणि ते वाचले की महिन्यांनंतरही कोणता सिगार होता ते आठवते. सर्वांत महत्त्वाची नोंद अमोनियाची. पान आंबत असताना त्यातून अमोनिया बाहेर पडतो. तो पुरता जाण्याआधी सिगार वळला गेला असेल, तर नाकात गोठ्याचा उग्र वास भरतो आणि जीभ टोचल्यासारखी होते. हा दोष विसाव्याने कमी होतो, वळणीचा दोष कधीच कमी होत नाही; म्हणून या दोन दोषांना एकाच तराजूत घालणारी शंभरपैकी गुण देण्याची पद्धत मला पटत नाही. एकाच जुडीतले निदान तीन नग, तेही काही महिन्यांच्या अंतराने ओढल्याशिवाय जुडीवर मत बनवू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सिगारचा धूर सहसा अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातले निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जाते. धूर छातीत घेतला नाही म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही, आणि तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका खराच आहे. ज्यांनी तंबाखूला कधी हात लावलेला नाही त्यांनी हे वाचून लावू नये. आमच्या मंडळींत चाचणी क्वचित होते आणि एका बैठकीत एकच सिगार असतो.

अक्कांनी छाटलेल्या त्या जुडीविषयी माझे मत आता बनले आहे. बाजूला काढलेले नग सोडले तर वळणी चांगली आहे, टोपी तीन फेऱ्यांची आणि स्वच्छ आहे. चिरलेल्या नगात भरण अखंड पानांचे निघाले, पण पाने वहीसारखी दुमडलेली होती आणि लिहेरो एका अंगाला गेला होता. ओढलेले बहुतेक नग त्याच अंगाला मागे राहून तिरके जळले. सुरुवातीच्या नगांत अमोनिया स्पष्ट होता, पावसाळ्यानंतरच्या नगांत तो जवळजवळ गेला आणि मधल्या भागात भाजलेल्या शेंगदाण्यांचा व काकवीचा सुरेख गोडवा आला. म्हणजे हात शिकलेला पण घाईत असलेला, पान चांगल्या प्रतीचे, आंबवण अपुरी. ज्याने ती आणली त्याला मी हेच लेखी कळवले आहे. मूळ देशाच्या रकान्यात रेघ मारली आहे, आणि उरलेले नग पुढच्या दिवाळीपर्यंत डब्यातून काढणार नाही.