गोफात माझी पिवळी पट्टी चुकली तेव्हा

गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात टिपरी-गोफ करायचा ठरला आणि आठ जणींत माझा नंबर लागला. वर हुकाला टांगलेल्या रंगीत पट्ट्या धरून, टिपऱ्या वाजवत, नाचता नाचता त्यांची वेणी विणायची, तो हा नाच. शाळेच्या गॅदरिंगमध्ये गोफ लांबून पाहिला होता, तेवढंच. शिकवायला तळमजल्यावरच्या मावशी. माहेर गोव्यातल्या काणकोणचं, शिगम्यात घुमट या मातीच्या वाद्याच्या ठेक्यावर चाललेला गोफ बघत वाढलेल्या.

पहिले चार दिवस त्यांनी पट्ट्या हातात दिल्याच नाहीत. पार्किंगमध्ये खडूने गोल काढला. चौघी उजवीकडून, चौघी डावीकडून. समोरून येणारी पहिली बाहेरून ओलांडायची, दुसरी आतून, परत बाहेरून. बाहेरची हात उंच धरते, आतली मान झुकवते. आठ जणी म्हणजे एका पूर्ण फेरीत आठ वेळा कुणी ना कुणी समोर येणार. मी मनात "आत, बाहेर" मोजायचे आणि हटकून चुकायचे. ढोलकीवर केरवा सुरू झाला की पाय आपोआप जायचे. मोजायला लागले की बिघडायचं.

मग पट्ट्या आल्या. नायलॉनच्या दोऱ्या घसरतात, म्हणून जुन्या सुती साड्यांच्या, चार बोटं रुंद, पंधरा-पंधरा फुटांच्या. हुक बारा फुटांवर. उरलेलं टोक डाव्या मनगटाला गुंडाळायचं, उजव्या हातात टिपरी. ओढ सगळ्यांची सारखी हवी. एकीने सैल सोडली की वेणीला तिथेच पोट सुटतं, आणि रंग वेगवेगळे असल्याने पोट कुणाचं ते खालूनही दिसतं! माझा रंग पिवळा. दोन दिवसांत आम्ही एकमेकींची नावं विसरून "ए हिरवी, ओढ की गं" म्हणायला लागलो. वेणी खाली उतरते तसा गोल आवळत जातो, शेवटी खांद्याला खांदा लागतो आणि उंच मुलीला पावलं अर्धी करावी लागतात. तिची सर्वात जास्त पंचाईत.

कार्यक्रमाच्या दिवशी तिसऱ्या फेरीत मी आतून जायच्या जागी हात वर केला. समोर निळी होती. हात वर करायची पाळी तिची. पण माझा हात बघून तिने मुकाट मान झुकवली, टिपरीचा ठोकाही चुकवला नाही. पुढच्या भेटीला मी नेहमीसारखी बाहेरून. वर बघितलं तर माझी पिवळी सलग तीन पट्ट्यांवरून गेलेली. लोकांना काही कळलं नाही, टाळ्या पडल्या. पण विणणं म्हणजे निम्माच गोफ. तोच उलट पावलांनी सोडवायचा असतो, आणि तिथे चूकही जशीच्या तशी उलटी करावी लागते. शहाणपणा करून मी "बरोबर" गेले असते तर तिथेच गाठ बसली असती.

सोडवताना ती जागा कधी येणार याचा मला पत्ताच नव्हता. निळी समोर आली आणि पुटपुटली, "पिवळी, बाहेरून!" आणि पुन्हा खाली वाकली. पट्ट्या मोकळ्या झाल्या.

उतरल्यावर मावशींना मी स्वतःच सांगितलं. "दिसलं गो मला," म्हणाल्या, आणि पट्ट्यांच्या घड्या घालता घालता फर्मान सोडलं, पुढच्या वर्षी उजवीकडच्या चौघी डावीकडून. म्हणजे पुन्हा खडूच्या गोलापासून सुरुवात.