चढ तुम्ही चढा, मी उतरायला येते

सॅन फ्रान्सिस्कोत सेगवेची टूर म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न चढाचा असतो. हे उभं राहून चालवायचं दोन चाकांचं यंत्र एवढा चढ चढेल का, मधेच मागे तर घसरणार नाही ना. मी इथे सेगवे गाइड आहे, आणि उतरणीबद्दल आपणहून विचारणारा पाहुणा मला क्वचितच भेटतो. चढावर खरं तर फारसं काही करायचं नसतं. घोट्यातून थोडं पुढे झुकायचं, मोटर आपलं काम करते. कौशल्य लागतं ते खाली येताना, आणि हे मला सगळ्यात स्पष्ट दिसलं ते एका मराठी काकूंमुळे.

खासगी बुकिंग होतं. मुलगा, सून, बारा-तेरा वर्षांचा नातू आणि सत्तरीच्या आसपासच्या काकू. मी मराठी आहे हे कळल्यावर काकूंनी पाचव्या मिनिटाला ‘अहो’ सोडून ‘अरे’ धरलं. काउंटरवर आधी वजन बघतात. आमच्या मशीनला स्वार किमान ४५ किलोचा लागतो आणि कमाल ११८ चा. ४५ हून हलकं माणूस झुकलं तर तो झोक मशीनला नीट पोचत नाही. काकू वजनकाट्यावर पर्स आणि स्वेटरसकट उभ्या राहिल्या. “पर्स खाली ठेवा,” म्हटलं तर म्हणाल्या, “मी चालवताना पर्स काय तू धरणार आहेस?” पर्स काढून काटा ४७ वर थांबला.

सरावाला आम्ही सपाट जागा वापरतो आणि मशीन कासव मोडवर ठेवतो. मशीनच्या बिनतारी किल्लीच्या छोट्या पडद्यावर खरोखरच कासवाचं चित्र येतं आणि वेग निम्म्यावर येतो. पहिल्यांदा प्लॅटफॉर्मवर चढलेलं माणूस एकच गोष्ट करतं, खाली बघतं. खाली बघितलं की शरीर पुढे जातं, शरीर पुढे गेलं की मशीन पुढे जातं, मग माणूस घाबरून मागे रेलतं आणि मशीन मागे येतं. आत झोक ओळखणारे पाच जायरोस्कोप आहेत, तोल सेकंदाला सुमारे शंभर वेळा तपासला जातो, पण घाबरलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नसतो. “समोरचा दिव्याचा खांब बघा” हे सांगून असतो. काकूंनी खांब बघितला आणि मुलाच्या आधी शिकल्या. मुलगा अजून हँडलला लोंबकळत होता.

मग मी रस्ता समजावला. बंदराजवळून कोलंबस अॅव्हेन्यूने नॉर्थ बीच, वॉशिंग्टन स्क्वेअरला थोडं थांबायचं, तिथून सौम्य गल्ल्या धरून रशियन हिल, वर लोम्बार्ड स्ट्रीटचा तो प्रसिद्ध नागमोडी तुकडा, आणि तिथून उतरून परत खाडीवर. सगळं रस्त्यावरून, सायकलवाल्यांच्या कडेने. फुटपाथवर सेगवे चालवायला या शहराने २००२ मध्येच बंदी घातली, यंत्र बाजारात नीट यायच्या आधी. सेगवेचे जनक डीन केमेन यांनी ते जगापुढे आणलं ३ डिसेंबर २००१ ला, आणि त्यावर शहरंच्या शहरं नव्याने आखली जातील असं तेव्हा बोललं जात होतं. या शहराने मात्र त्याला फुटपाथवरसुद्धा उभं केलं नाही. गाइड म्हणून मला ही बंदी मान्य आहे. म्हातारी माणसं, बाबागाड्या आणि चाळीस-पन्नास किलोचं धावतं यंत्र एका फुटपाथवर नकोच.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं, टेकडीकडे मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, “चढ तुम्ही चढा. मी उतरायला येते.”

मुलगा म्हणाला, “आई, असं नसतं.”

“का नसतं? ती घंटीची गाडी वर जाते ना?”

जाते. पॉवेल-हाइड मार्गाची केबल कार तिथूनच, हाइड आणि बीच स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या फिरत्या चकतीवरून निघते आणि थेट लोम्बार्डच्या माथ्याशी थांबते. सून म्हणाली, मी जाते त्यांच्याबरोबर. दोन मशीनं आमच्या व्हॅनमधून वर पाठवायची आणि माथ्यावर सगळ्यांनी भेटायचं, असं ठरलं. नियमात बसत होतं.

वर जायचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यात काही घडलं नाही. बापलेक छान चढले. ट्रामचे रूळ काटकोनात ओलांडायचे हे नातवाने एकदा सांगितल्यावर पाळलं, बापाला तीनदा सांगावं लागलं. पाळायलाच हवं, कारण चाक रुळाच्या खाचेला तिरकं लागलं तर हँडल हातातून फिरतं. केबल कारच्या रस्त्यावर दोन रुळांच्या मधे आणखी एक फट असते आणि तिच्या खाली गाडीला ओढणारी केबल सतत पळत असते, ताशी साडेनऊ मैलांनी, म्हणजे साधारण १५ किलोमीटर. रस्ता रिकामा असला तरी फटीतून घरघर ऐकू येते. हॅलिडी यांनी पहिली केबल कार क्ले स्ट्रीटवर १८७३ मध्ये चालवली, आणि या उतारांवर अजून तीच युक्ती चालू आहे. नातू फटीवर कान लावायला वाकला, मी त्याला कॉलर धरून उठवलं.

माथ्यावर काकू आमच्या आधीच हजर होत्या, वाऱ्याने पदर सांभाळत. (साडी नव्हती, ओढणी होती. तीही मी हेल्मेटच्या पट्ट्याखाली आणि जॅकेटच्या आत कोंबायला लावली. चाकाजवळ लोंबणारं काही नको.) लोम्बार्डचं सांगायचं तर तो आठ वळणांचा तुकडा १९२२ मध्ये बांधला, मूळचा २७ टक्के उतार गाड्यांना झेपेना म्हणून. फोटोला बरा आहे. मला स्वतःला त्यात फारसं काही वाटत नाही. पाठ फिरवून हाइड स्ट्रीटच्या टोकाला दिसणारं अल्काट्राझ, ते जुन्या तुरुंगाचं बेट, बघावं, तिथे गर्दीही कमी.

आता मुद्द्याचं. व्हॅनमधून आलेली मशीनं थेट चार्जरवरून उचललेली होती. किल्लीवर बॅटरीची पट्टी काठोकाठ. आणि समोर लांब उतार.

सेगवेला ब्रेकचं पेडल नाही. उतारावर मशीनला थोपवून धरते ती मोटरच, आणि तसं करताना ती जनित्र होते. चाकांतून आलेली शक्ती ती वीज म्हणून बॅटरीत ढकलते. फार छान व्यवस्था आहे, बॅटरीत जागा असेल तर. बॅटरी भरलेली असली की ते तुडुंब टाकीत पाणी सोडत राहण्यासारखं होतं. वीज ठेवायला जागा नाही म्हणजे वेग रोखायला जागा नाही. मशीनला हे आधी कळतं आणि ते हँडल हलवून ओरडतं, आता थांब आणि उतर.

म्हणून भरलेलं मशीन उतरणीला लावण्याआधी ते सपाटीवर फिरवून थोडं रिकामं करायचं, असा नियम. मी काकूंना आणि सूनबाईंना माथ्यावरच्या सपाट रस्त्यावर फेऱ्या मारायला लावल्या. सूनबाईंनी इमानदारीत मारल्या. काकू दोन फेऱ्यांनंतर एका घराच्या बागेपुढे थांबून फुलं बघत बसल्या, मग नातवाला स्वेटरवरून बोलल्या, मग पुन्हा एक फेरी. त्यात ४७ किलोचं माणूस सपाटीवर बॅटरी खाणार तरी किती! पट्टी जरा खाली आली. मी सगळ्यांना पुन्हा सांगितलं, हँडल थरथरलं की घाबरायचं नाही, मला आवाज द्यायचा, आणि आम्ही निघालो.

हाइड स्ट्रीट तीव्र आहे आणि त्यावर रूळ आहेत, म्हणून मी पश्चिमेला सरकून दुसरा रस्ता धरतो. नवखा स्वार नेहमी गाइडच्या लगेच मागे. माझ्यामागे काकू, मग सून, नातू, मुलगा, आणि शेवटी आमचा दुसरा गाइड. सगळ्यांच्या एका कानात माझा आवाज. “भार टाचांवर, गुडघे सैल, हँडलला ओढायचं नाही.” डाव्या-उजव्या हाताला उभ्या गाड्या, सगळ्यांची पुढची चाकं कडेच्या दगडाकडे वळवलेली. इथे उतारावर गाडी तशी लावली नाही तर दंड होतो. काकू मागून म्हणाल्या, “सगळ्यांची चाकं वाकडी कशी काय?” म्हणजे बाई खाली न बघता आजूबाजूला बघत होत्या. मला बरं वाटलं.

दुसऱ्या गल्लीच्या मध्यावर मागून आवाज आला. तो आवाज ओळखता येतो, खडखडत्या घुरघुरीसारखा. वळून बघितलं तर काकूंचं हँडल थाडथाड हलत होतं आणि प्लॅटफॉर्मवरचे दिवे लाल.

उतारावर गाइडच्या कामाला येणारी या शहराची एक गोष्ट आहे. गल्ली कितीही खडी असली तरी जिथे आडवा रस्ता छेदतो तिथे चौक बराचसा सपाट केलेला असतो. उतार, सपाटी, उतार, सपाटी, असा जिना खाडीपर्यंत जातो. पुढची सपाटी पाच-सहा गाड्यांच्या अंतरावर होती. पण तिथपर्यंत जाऊ द्यायचं नव्हतं. शेजारीच एका गॅरेजचं तोंड होतं, तिथे कडेचा दगड खाली उतरलेला. मी माझं मशीन त्यात आडवं घालून भिंतीला टेकवलं आणि उलटा धावत काकूंच्या समोर आलो.

“काकू, माझ्याकडे बघा. खाली नाही. अजून थोड्या मागे रेला. बस. थांबलात. आता उजवा पाय मागे, जमिनीवर.”

उतारावर तोंड खाली असताना सेगवेवरून मागे पाय टाकला तर जमीन वर आलेली असते, त्यामुळे पाय लगेच टेकतो. हे अशा वेळी फार कामाला येतं. मी खालच्या बाजूने हँडल दोन्ही हातांनी धरलं. त्यांनी उजवा पाय टाकला, मग डावा, आणि हँडल मात्र सोडेनात. “सोडू का?” “सोडा.” “नक्की?” “काकू, सोडा.”

मागच्या गाइडने बाकीच्यांना आधीच कडेला थांबवलं होतं. मुलगा पांढराफटक. नातवाला मात्र उत्सुकता आवरेना. किल्लीच्या पडद्यावर एरवी हसरा चेहरा असतो, आता तिथे लाल, तोंड पाडलेला चेहरा आला होता.

“आजी, ते बघ, रडतंय!”

“रडेल नाही तर काय,” काकू म्हणाल्या. आवाज जरा कापत होता, पण त्यांनी वाक्य पूर्ण केलं. “मी चढले नाही म्हणून रडतंय.”

विनोद म्हणून म्हणाल्या, पण तंतोतंत खरं होतं. बापलेकांची मशीनं टेकडी चढून आली होती. त्यांच्या बॅटऱ्यांत जागा झाली होती, म्हणून ती गपगुमान उतरत होती. मी नातवाला हे समजावत होतो आणि काकू ऐकत होत्या.

मी म्हटलं, “तुम्ही माझं मशीन घ्या. ते चढून आलंय. तुमचं मी बघतो.” किल्ली त्या त्या मशीनशी जोडलेली असते, त्यामुळे किल्ल्याही बदलाव्या लागल्या असत्या, दोन मिनिटांचं काम.

“आणि तू याचं काय करणार?”

“वर नेऊन जिरवून आणीन.”

“म्हणजे हे चढवलं की ठीक होतं?”

“हो.”

काकूंनी मागे वळून गल्लीकडे बघितलं. ओढणी पुन्हा बाहेर आली होती, ती त्यांनी जॅकेटमध्ये खोचली. “मग मीच चढवते.”

मुलगा “आई, नको” म्हणाला, सून “करू द्या त्यांना” म्हणाली, आणि त्या घरात कोणाचं चालतं ते मला कळलं. मी आधी मशीन बंद करून सपाट चौकात आणलं, पुन्हा सुरू केलं. हसरा चेहरा आला. मग स्वतः त्यावर उभा राहून अर्धी गल्ली वर जाऊन बघितली. नीट होतं. कासव मोड लावला. काकूंना सांगितलं, मी शेजारून चढणार, मी थांबा म्हटलं की थांबायचं, वाद नाही.

“वाद मी कधी घालते?” यावर मागून मुलगा हसला.

त्या चढल्या. हळू, कासवाच्या वेगाने, दोन गल्ल्या. पहिल्या दहा फुटांत त्या पुढे झुकायला तयार नव्हत्या. झुकलं की तोंडावर आपटू असं वाटतं, आणि न झुकलं तर मशीन जागचं हलत नाही. मग एकदा झुकल्या, मशीनने त्यांना उचलून धरलं, आणि पुढे मला काही बोलावं लागलं नाही. माथ्यावर आम्ही गल्लीला पूर्ण वळसा घातला, या वेळी फुलांपाशी न थांबता. मग पुन्हा तीच उतरण. लाल दिवा नाही, थरथर नाही. चौक आला की त्या स्वतःच वेग कमी करत, पुढचा उतार बघत आणि मग निघत. हे मी शिकवलेलं नव्हतं.

खाली अॅक्वॅटिक पार्कला पोचल्यावर मुलाने मला बाजूला घेऊन विचारलं, मशीन जुनं आहे का. प्रश्न रास्त होता. हे मॉडेल बनवणंच कंपनीने जुलै २०२० मध्ये थांबवलं, तेव्हा आता जगभर जी फिरतायत ती सगळी जुनीच. सुटे भाग आम्ही मेलेल्या मशीनमधून काढतो. पण त्या दिवशी मशीनने जे केलं ते नवं असतं तरी केलं असतं, आणि तसंच करायला हवं होतं. त्याला ते पटलं की नाही सांगता येत नाही. काकू तोवर चकतीवर केबल कार ढकलून फिरवणाऱ्या माणसांना बघत होत्या आणि नातवाला सांगत होत्या, “बघ, यांनापण वळवायला माणसंच लागतात.”

व्हॅनमधून वर जाणारं मशीन आता आमच्याकडे चार्जरवरून थेट नेत नाहीत. आधी कोणीतरी ते फोर्ट मेसनच्या चढावर दोनदा चढवून आणतं. सकाळी थंडी आणि धुकं असतं, म्हणून बाकीचे गाइड बिझी असतात. बहुतेक वेळा मीच जातो.